पंजाबी बाईंचं विजन

गल्लीत सकाळी "शीताफळंऽऽय" अशी आरोळी आली की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते. घ्यायचीच असतात असं नाही. आमच्या घरात सीताफळ खाणारी मी एकटी. यांना बियांचा वैताग. "एवढंसं खायाचं आन तेवढंच थुंकायाचं, त्याच्यापरीस केळ खावं माणसानं," हे यांचं दर वर्षीचं वाक्य. पण पाटीवरचा पाला बाजूला झाला की जो वास येतो ना, त्याच्यासाठी मी जाते. अर्धा गोड, अर्धा रानातल्या पाल्याचा. पाटीवाली म्हणते, "घ्या की मॅडम, डोंगरातली हायत, बागेतली न्हाईत." आणि मी उगीच एकेक फळ दाबून बघत उभी राहते. यंदाही ती आली, यंदाही मी दाबून बघितली, आणि यंदाही माझी नजर तिच्या डोक्यावरून समोरच्या दाराकडं गेली.

बीडमध्ये हे दिवस निघण्याचे असतात. दसरा होतो न होतो तोच ऊसतोडीची माणसं बिऱ्हाड बांधून ट्रॅक्टरवर बसतात. कुणी कड्याच्या कारखान्याकडं, कुणी पार घाटाखाली. तवा, कोंबड्या, गोधड्या, लेकरं, सगळं एकावर एक रचलेलं. दुपारी ऊन चटका देतं आणि संध्याकाळी पदर अंगाभोवती ओढून घ्यावासा वाटतो. रानात कापूस फुटलेला, ज्वारी नुकतीच वर आलेली. आणि आमच्या समोरच्या आश्रमातल्या बायाही या दिवसांत झोळ्यांना टाके घालायला काढतात, कारण चातुर्मास संपत आलेला असतो आणि त्यांनाही निघायचं असतं.

आता समोरच्या बाया म्हणजे कोण, ते सांगायला हवं. जुन्या बीडात, नदीकडं उतरणाऱ्या आमच्या गल्लीत महानुभाव पंथाच्या संन्यासिनींचा आश्रम आहे. बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही. कळस नाही, घंटा नाही, मूर्ती नाही, बोर्ड नाही. बोर्डाची तर एक गंमतच आहे. मी शाळेतून रिटायर झाले, हातात वेळ आला, आणि मला वाटलं, एवढा जुना आश्रम, परगावची माणसं शोधत फिरतात, आपण एक छान पाटी करून द्यावी. पेंटरकडून करवून घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं. बायांनी दोन्ही हातांनी घेतली, "दंडवत मॅडम, लई छान हाय" म्हणाल्या. काही दिवसांनी आत गेले तर पाटी पालथी घालून पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली! अक्षरं आतल्या बाजूला, पाण्याकडं. माझं तोंड चांगलंच फुगलं. यांनी विचारलं, "कावून गं गप हायस?" आणि ऐकल्यावर इतके हसले की ठसका लागला.

आश्रमाची गोष्ट माझे सासरे सांगायचे. निजामाच्या राज्यात तिथं एका व्यापाऱ्याचं सरकीचं गोदाम होतं. विदर्भाकडून चालत निघालेल्या काही संन्यासिनी नदीला पाणी आल्यामुळं बीडात अडकल्या. व्यापाऱ्याची विधवा बहीण होती, तिनं गोदामाचा एक कोपरा झाडून दिला. चातुर्मास झाला तशा त्या निघून गेल्या. एका जागी फार राहायचं नाही, जागेचा लोभ लागतो, असा त्यांचा नेम. पुढच्या पावसाळ्यात परत आल्या. त्याच्या पुढच्याही. असं होता होता कधीतरी सरकी गेली आणि बाया राहिल्या. व्यापारी म्हणाला, जागा तुमच्या नावावर करून देतो. तर म्हणाल्या, नाव कशाला, आम्ही आलो की दार उघडा म्हणजे झालं. त्या विधवा बहिणीनं पुढं स्वतःच संन्यास घेतला आणि बीड सोडलं ते कायमचं, कारण आपल्या गावात, आपल्या माणसांत राहायचं नाही, हाही नेमच. म्हणून आजसुद्धा या आश्रमात बीडची एकही बाई नाही. कुणी अमरावतीकडची, कुणी जळगावकडची. आपल्याकडच्या ज्या मुली या वाटेला गेल्या, त्या कुठल्यातरी परक्या गावाच्या गल्लीत असतील. पूर्वी सगळ्या अटनाला, म्हणजे पायी फिरायला गेल्या की आश्रमाची किल्ली कोपऱ्यावरच्या महेबूबभाईच्या अत्तराच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असायची. आत होतं काय म्हणा चोरायला! गोधड्या, पातेली आणि तो रांजण.

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, दर वर्षी कपिलधारला जाणारं घर. त्यामुळं नवी सून होते तेव्हा मला या बायांचं काही कळायचं नाही. मी "शरणार्थ" म्हणायची, त्या "दंडवत" म्हणायच्या, आणि दोघी आपापल्या कामाला लागायचो. पण दारासमोर दार असलं की माणूस बघतंच. पहाटे आमच्या गल्लीचा नळ यायच्या आधी त्यांचा दिवा लागलेला असायचा. अंगण झाडणं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळणं, मग ते फडकं पुन्हा पाण्यात झटकणं, म्हणजे अडकलेला बारीक जीव पाण्यातच राहावा. मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून चालली असली तर या ही एवढी टांग टाकून पलीकडं जातील, पण रांग मोडणार नाहीत. मग नामस्मरण. मग पाठ. त्यांचे ग्रंथ कैक शतकांपूर्वीच्या मराठीत. तरण्या मुली ते मोठ्यानं घोकत बसायच्या आणि आमच्या घरात ते इतकं ऐकू यायचं की माझा मुलगा दहावीला असताना गणित सोडवता सोडवता त्यातलं एखादं वाक्य बोलून जायचा. मी म्हणायची, "पेपरात लिहू नकोस म्हणजे झालं."

या सगळ्यांत पंजाबी बाई वेगळ्या. त्यांचं खरं नाव तपस्विनी कौशल्याबाई, पण गल्ली त्यांना पंजाबी बाईच म्हणायची. पंजाबात या पंथाची जुनी घरं आहेत आणि ग्रंथ मराठीत म्हणून ती माणसं मराठी शिकतात, हे मला बाईंमुळं कळलं. भूगोलाची बाई मी, मलाही ठाऊक नव्हतं! त्या लहान वयात इकडं आल्या आणि बीडात त्यांचे बरेच चातुर्मास झाले. उंच, गोऱ्या, धारदार नाकाच्या. लुगडं धुऊन धुऊन मातकट झालेलं. आणि बोलणं असं, की निम्मं पोथीतलं आणि निम्मं आमच्या भाजीवालीचं. मी एकदा भोचकपणानं विचारलं, "बाई, घरची आठवण येते का हो?"

"येती की. न यायला मी काय दगड हाय?" त्या म्हणाल्या. "आली की बस म्हनते शेजारी. आन मी आपलं देवाचं नाव घेत राहते. मग कंटाळून जाती ती."

भिक्षेला आमच्या दारात बहुतेक त्याच यायच्या. नेमाची काही घरं, आणि जे मिळेल ते एकाच झोळीत. भाकरीवर वरण, वरणावर शिरा. एका वर्षी सीताफळांच्या दिवसांत मी हौसेनं सीताफळाची बासुंदी केली. गर चाळणीवर घासून घासून काढायचा, बोटं काळी पडतात. वाटीत घालून दिली. बाईंनी ती माझ्यासमोर झोळीतल्या पातेल्यात, भाकरीवर आणि मेथीच्या भाजीवर ओतली आणि बोटानं सारखी केली.

"अहो बाई, चव जाईल ना!" मी ओरडलेच.

"तीच जायाला पायजे," त्या म्हणाल्या, आणि दंडवत करून पुढच्या दाराला गेल्या. मी कपाळाला हात लावला. राग आला, हसू आलं आणि आतून कुठंतरी हेवाही वाटला. मला आजवर कशाचीच चव सोडता आलेली नाही.

पण मला सगळ्यांत भारी वाटायचं ते त्यांचं विजन. शब्द त्यांचाच. विजन म्हणजे जिथं माणूस नाही अशी जागा. सकाळचं आवरलं की एकेक बाई एकटीच गावाबाहेर जायची, एखाद्या झाडाखाली बसायची आणि नाव घ्यायची. कुणाशी बोलायचं नाही, आपण कोण ते सांगायचं नाही, लोक ओळखून नमस्कार घालायला लागले की झाड बदलायचं. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी घरदार सोडलेलं.

मी आयुष्यभर पोरींना नकाशे काढायला लावले, पण आमचं बीड कसं वाढलं हे मला पंजाबी बाईंच्या झाडांवरून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच नकाशावरून कळलं नाही. त्या नव्या होत्या तेव्हा बिंदुसरा नदीच्या काठच्या लिंबाखाली बसायच्या. तिथं घरं झाली. मग कापसाच्या जिनिंगच्या मागची चिंच. तिच्या शेजारी मंगल कार्यालय उभं राहिलं आणि बँडवाले चिंचेखालीच सराव करायला लागले. मग बार्शी नाक्याच्या पुढचा बाभळीचा माळ. त्याचेही प्लॉट पडले, चुन्याच्या रेघा ओढल्या. बाई सांगायच्या, "मी आपली डोळे मिटून बसलेले. मालक आला, म्हनला, आजी, तुमी माझ्या किचनमधी बसलाव!" आणि सांगताना स्वतःच हसत सुटायच्या. शेवटी बायपासच्या पलीकडं एक टेकाड सापडलं, सीताफळीच्या झुडपांचं. तिथं बाईंना बरीच वर्षं मिळाली. शहर मागून यायचं आणि बाई पुढं सरकायच्या. कुणाशी भांडल्या नाहीत, कुठं अर्ज केला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. आम्ही इथं नळाच्या रांगेत हंडा पुढं सरकला म्हणून पिढ्यान् पिढ्या बोलत नाही.

त्या टेकाडावर सीताफळांच्या दिवसांत गुराखी पोरं फळं तोडायला यायची. बाईंना बघून आधी बिचकायची, मग त्यांच्या भोवतीच तोडत राहायची. बाई परत येताना कधी एखादं पिकून पडलेलं फळ घेऊन यायच्या आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवून जायच्या. हाक मारायच्या नाहीत. मी दार उघडलं की फळ दिसायचं, आणि मला समजायचं की आज बाईंचं बसणं चांगलं झालंय.

मी सांगतेय ते दिवस तसे जुने नाहीत. त्या वर्षी पावसाळ्यातच बाईंचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, लांब चालणं बंद, टेकाड तर विसराच. आश्रम सांभाळणाऱ्या मंदाबाई वऱ्हाडातल्या, बाईंपेक्षा वयानं बऱ्याच लहान. त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाई, खोलीतच बसा ना जी. परमेश्वर का टेकडीवरच राहते?" बाई ऐकणाऱ्यातल्या. खोलीत बसायला लागल्या. आणि बघता बघता उतरल्या. जेवण तुटलं, हसणं गेलं, गल्लीतून जाणाऱ्या पोरांची नावं घेऊन हाका मारायच्या तेही बंद झालं. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसलेल्या होत्या.

"काय होतंय बाई?"

"काय न्हाई हो. बसनं व्हत न्हाई."

"इथं तर किती शांत आहे."

"शांत लई हाय. पन मॅडम, इथं मी बाई हाय. पोरी दंडवत घालत्यात. पानी आनून ठेवत्यात. दार हळू लावत्यात, आन त्या हळू लावत्यात तवा मला कळतं, माझ्यासाठी लावलं. मग नाव कोन घेतंय? बाई घेती. मी कुठं घेते?" त्यांनी गुडघा चोळला. "जिथं मला कुनीच वळखत न्हाई, तिथं बसायचं हाय. आता दिवस लई न्हाई राहिले."

मला भडभडून आलं. ज्या बाईनं सगळं आयुष्य काही मागितलं नाही, तिला शेवटी ढुंगण टेकण्यापुरती जागा हवी होती, आणि ती एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मिळेना! मी पदर खोचला. यांनी माझ्याकडं बघूनच ओळखलं. "आता तू त्या बाईच्या मागं लागू नको," हे म्हणाले. पण मी कुणाचं ऐकते!

पहिल्यांदा मी आमची गच्ची झाडून काढली. हिरवं नेट बांधलं, गादी टाकली, तांब्या-भांडं ठेवलं. गच्चीवर कोण येतंय? बाई जिना हळूहळू चढून आल्या, बसल्या. मला इतका आनंद झाला की मी भाजीवालीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं, पंजाबी बाई आमच्या गच्चीवर विजनाला बसतात. झालं! शेजारीण नातीला घेऊन आली, तिच्या परीक्षेसाठी आशीर्वाद हवा होता. मागून आणखी एक, रक्ताचा रिपोर्ट हातात. मीही मधूनमधून जिन्यातून डोकावून बघायची, बाईंना ऊन तर लागत नाही ना. बाईंनी सगळ्यांची विचारपूस केली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जाताना मला म्हणाल्या, "लई केलंत मॅडम. दंडवत." परत काही आल्या नाहीत. हे खाली दुकानाची चावी शोधत होते, तिथूनच म्हणाले, "विजनाला माणसं जमवणारी तूच पहिली असशील." मी नेट सोडायला घेतलं.

मग मी उमापूर काढलं. माझं माहेर ते. भावाचं गावाबाहेर शेत आहे, आंब्याची झाडं आहेत, दुपारी पाखरूसुद्धा बोलत नाही. विजनाला गाडीतून जायचं नाही असं बाईंचं म्हणणं. पण मंदाबाईंनी फार गळ घातली, एकदा तरी जाऊन या. गेलो. आता माझा भाऊ म्हणजे गावच्या राजकारणात मुरलेला माणूस. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं होतं की एक मोठ्या तपस्विनी येतायत, शांत जागा पाहिजे. तर आंब्याखाली सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे जार, आणि माईक! तालुक्याचे कुणी पुढारी शाल-नारळ घेऊन उभे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र गाडीतून उतरल्या, सगळ्यांना दंडवत केला, शाल घेतली आणि मागं उभ्या असलेल्या एका सालदाराच्या म्हाताऱ्या आईच्या खांद्यावर टाकली. मग झाडाखाली बसल्या, आणि समोर सगळं गाव त्यांच्याकडं बघत बसलं.

परतताना गाडीत मी खिडकीबाहेरच बघत बसले. गेवराई मागं पडल्यावर बाईच म्हणाल्या, "तुमच्या भावाचं मन लई मोठं हाय."

"बाई, मला माफ करा हो."

"कावून? खरंच मोठं हाय. सगळ्या झाडाखाली तेच भरलं व्हतं. मला बसायला जागा न्हाई उरली, एवढंच." आणि माझ्या मांडीवर थाप मारून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या, पण मला काही हसू आलं नाही. मी हात टेकले.

आता वाटतं, बरं झालं टेकले ते. दिवाळीच्या आगेमागे एक दिवस मंदाबाई आमच्या दाराशी आल्या. आवाज हळू करून म्हणाल्या, "मॅडम, बाई सकाळी काठी घेऊन जाते. जेवायच्या वखताले येते. अन् जेवते चांगली! विचारलं त म्हणते, विजनाले गेली होती. कोठं, ते सांगत नाही."

"तुम्ही मागं जाऊन बघितलं नाही?"

"विजनाले जाणाऱ्याच्या मागं जातात का जी?"

बरोबर आहे. पण माझा जीव काय थाऱ्यावर राहतोय! त्या गुडघ्यांनी बाई जाणार किती लांब? नदीचा काठ? तिथं आता घाण. कबरस्तानाची मागची बाजू? शाळेचं मैदान? रोज सकाळी काठीचा आवाज आमच्या दारावरून जायचा आणि मी पोळपाटावर हात थांबवून ऐकत राहायची. मागं जायचा मोह इतका व्हायचा की चप्पल पायात घालून परत काढायची. हे म्हणायचे, "खबरदार!" आणि रोज जेवणाच्या वेळेला काठी परत यायची. बाईंच्या चेहऱ्यावर पुन्हा रया आली होती. गल्लीतल्या पोरांना हाका सुरू झाल्या. एकदा भिक्षेला दारात उभ्या राहिल्या तर मी रागानंच म्हटलं, "सापडली का जागा?"

"सापडली."

"झाड आहे का सावलीला?"

"पत्रा हाय," त्या म्हणाल्या, आणि झोळी पुढं केली. आता पत्रा कुठं असतो रानात? माझं डोकं आणखीनच चक्रावलं.

त्या वर्षी अटनाला बाईंना पायी जाणं शक्य नव्हतं. मंदाबाई त्यांना गाडीनं विदर्भातल्या मोठ्या आश्रमात घेऊन गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात बाई तिकडंच गेल्या. कुठल्या गावच्या, कुठं वाढल्या, कुठं राहिल्या आणि कुठल्या मातीत गेल्या. बीडात त्यांचं काही ठेवलेलं नाही. काठीसुद्धा नाही. मी मंदाबाईंना विचारलं होतं, एखादी वस्तू द्या म्हणून. त्या म्हणाल्या, "त्यायचं काही नव्हतंच ना जी."

पण त्यांच्या जाण्याआधीची, त्या सीताफळांच्या दिवसांतली एक सकाळ माझ्याजवळ आहे. भावाचा फोन आला. उमापूरहून एसटीनं सीताफळांची पाटी पाठवलीय, ड्रायव्हरजवळ दिलीय, स्टँडवर जाऊन घे. आपल्याकडं हे चालतंच. ज्वारी, हुरडा, लेकीच्या घरचा डबा, सगळं एसटीच्या ड्रायव्हरच्या भरवशावर गावोगाव फिरतं. हे दुकानात होते, म्हणून मीच पिशवी घेऊन गेले. स्टँड आमच्यापासून तसं जवळ. सणासाठी आलेल्या लेकी परत निघालेल्या, ऊसतोडीला चाललेली माणसं बोचक्यांवर बसलेली, भोंग्यातून "परळीला जाणारी गाडी" चाललेलं, शेंगदाणेवाले, रडणारी लेकरं, डिझेलचा वास. ड्रायव्हरकडून पाटी घेतली आणि रिक्षा कुठं दिसते का म्हणून बघायला लागले.

आणि पत्र्याखालच्या शेवटच्या बाकावर बाई दिसल्या. एका बाजूला कांद्याचं पोतं, दुसऱ्या बाजूला पोराला पाजत बसलेली एक लमाणी बाई. मधे पंजाबी बाई. मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावरून पदर, डोळे अर्धे मिटलेले. गाडीची वाट बघणारी कुठलीही म्हातारी दिसावी तशा. फक्त ओठ हलत होते. समोरून माणसं जात होती, कुणाचं बोचकं त्यांच्या गुडघ्याला घासून जात होतं, शेजारचं पोर त्यांच्या पदराचं टोक चोखत होतं. कुणी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हतं. त्यांचा चेहरा मी दारासमोर दार म्हणून कितीतरी वर्षं पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. टेकाडावर तो तसा असायचा का, देव जाणे.

मला कळलं ते सगळं एकदमच कळलं. आणि कळूनसुद्धा माझे हात जोडले गेले, पाय पुढं पडले. जन्माची खोड! बाई दिसल्या की दंडवत म्हणायचं, आणि आजूबाजूच्यांना सांगायचं, अहो, या कोण आहेत ठाऊक आहे का तुम्हाला? मी त्यांच्या बाकाच्या अगदी मागं पोचले होते.

तेवढ्यात स्टँडचा कंट्रोलर आडवा आला. हातात शिट्टी, कपाळाला आठ्या. "ओ मॅडम, जरा ऐका. ही म्हातारी तुमच्या वळखीची हाय का? तुमी तिच्याकडंच बघायलाव म्हनून इचारलं. रोज येती, बसती, आन गाडीत काय चढत न्हाई. पोरांनी आनून सोडली असंल बगा. चौकीत सांगावं म्हनतो."

माझ्या जिभेवर सगळं होतं. पंजाब होतं, आश्रम होता, सगळी झाडं होती. एक वाक्य बोलले असते तर हाच माणूस वाकून पाया पडला असता, खुर्ची आणली असती, चहा मागवला असता, उद्यापासून सगळे ड्रायव्हर-कंडक्टर येता-जाता हात जोडून गेले असते. आणि न बोलावं, तर चौकी. मी बाईंकडं पाहिलं. माझी चाहूल लागली असावी, त्यांचे ओठ थांबले होते. मान वळवली नाही, डोळे उघडले नाहीत. नुसत्या थांबल्या होत्या.

"चौकी कशाला हो?" मी म्हणाले. "मी भाजीला येते ना इकडं, रोज बघते. घरी सुना लई कलकल करतात म्हणून येऊन बसती बिचारी. जेवायच्या वेळेला जाती आपली घरी. बसू द्या की, तुमचं काय खाती?"

"आस्सं हाय व्हय?" त्याच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. "मग बसू दे, बसू दे. आमच्या घरी बी तेच चालूय. आमची आई बी जाती मारुतीच्या पारावर." तो वळला, आणि परत थांबून म्हणाला, "म्हंजे तुमच्या वळखीचीच हाय म्हना की."

आमच्या गल्लीत, माझ्या शाळेत, माझ्या माहेरी, जिथं म्हणून मी बसले-उठले तिथं मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले होते की पंजाबी बाई आमच्या समोरच राहतात आणि माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आता त्याच तोंडानं मी बोलले. आणि चांगलं मोठ्यानं बोलले.

"छे हो! मी न्हाई ओळखत."

बाईंचे ओठ पुन्हा हलायला लागले.